कथानक कसं बांधायचं: शुक्रवारची कहाणी सुटी करून बघूया

गोष्ट लिहायची आहे असं म्हणणाऱ्या बहुतेकांना सुचत भरपूर असतं. एखादा माणूस सुचतो, एखादा प्रसंग सुचतो, कधीकधी तर शेवटचं वाक्यसुद्धा आधीच डोक्यात बसलेलं असतं, आणि चार पानं लिहून झाली की सगळं अडतं, कारण हे एकमेकांत गुंतवायचं कसं ते कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेत कथानक, पात्रं, संवाद, वातावरणनिर्मिती असे मुद्दे पाठ करून घेतात, व्याख्या लिहिली की मार्क मिळतात, आणि ते वापरायचं कसं हे राहून जातं. म्हणून इथे एकच गोष्ट घेऊन ती पूर्ण सुटी करून बघूया. ती अशी घेतलीय की बऱ्याच जणांनी श्रावणात घरी ऐकलेली असेल, शुक्रवारची कहाणी, ती भावाच्या सहस्रभोजनाची. व्रत करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मला ती कथानक म्हणून फार म्हणजे फारच आवडते, आणि प्लॉटबद्दल नवीन लिहिणाऱ्याला जे कळायला हवं त्यातलं बरंचसं तिच्यात आहे.

आधी गोष्ट आठवून घेऊ. घरोघरी पाठ थोडा बदलतो पण गाभा हाच.

आटपाट नगर होतं. तिथे एक गरीब ब्राह्मण, त्याची बायको शेजारणीकडे जाऊन आपल्या गरिबीचं गाऱ्हाणं सांगते, शेजारीण तिला शुक्रवारचं व्रत सांगते आणि ती ते करायला लागते. त्याच गावात तिचा श्रीमंत भाऊ आहे. तो सहस्रभोजन घालतो, गावाला आमंत्रण देतो आणि सख्ख्या बहिणीला बोलवत नाही. ती मनाशी म्हणते, एवढ्या गडबडीत चुकून राहिलं असेल, भावाच्याच घरी तर जायचंय, आणि मुलांना घेऊन जाते, पंगतीत बसते. भाऊ तूप वाढत वाढत तिच्यापाशी येतो आणि सांगतो, तुझ्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतात, आज आलीस ती आलीस, उद्या येऊ नको. ती घरी येते. दुसऱ्या दिवशी मुलं हट्ट करतात, मामाकडे जेवायला जाऊ म्हणतात, आणि तिलाही वाटतं की पोरांचं एक वेळचं पोट भरेल, म्हणून परत जाते, परत अपमान, आदल्या दिवसापेक्षा जास्त. तिसऱ्या दिवशी भाऊ हाताला धरून बाहेर काढतो.

ती देवीची प्रार्थना करते, व्रत चालू ठेवते, हळूहळू दिवस पालटतात, घरात लक्ष्मी येते. व्रताच्या उद्यापनाला ती भावाला जेवायला बोलावते. भाऊ ओशाळतो आणि म्हणतो, आधी तू माझ्याकडे जेवायला ये. ती जाते, पैठणी नेसून, शालजोडी पांघरून, दागिने घालून. भाऊ पाय धुवायला गरम पाणी देतो, आपल्या शेजारी तिचं पान मांडतो. ती पाटाशी येते, शालजोडी काढून पाटावर ठेवते, भावाला वाटतं उकडत असेल. दागिने काढून ठेवते, भावाला वाटतं जड झाले असतील. मग ती भात कालवते आणि घास उचलून दागिन्यावर ठेवते, जिलबी एका दागिन्यावर, लाडू दुसऱ्यावर. भाऊ विचारतो, ताई हे काय करतेस? ती म्हणते, ज्यांना तू जेवायला बोलावलंस त्यांना भरवतेय, माझं जेवण मी तुझ्या सहस्रभोजनाच्या दिवशीच जेवले. भावाला कळतं, तो पाय धरतो, क्षमा मागतो, ती क्षमा करते, दोघं जेवतात आणि नंतर तो तिच्याकडे जेवायला जातो.

दोन-तीन मिनिटांत सांगून होते ही गोष्ट. आता बघा हिच्यात काय काय आहे.

"आणि मग" की "म्हणून"?

पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही. घडलेलं एकापाठोपाठ सांगणं म्हणजे घटनाक्रम. सकाळी उठलो, आणि मग चहा घेतला, आणि मग बस पकडली, आणि मग ऑफिसात भांडण झालं. यातलं कुठलंही वाक्य काढलं तरी पुढच्याचं काही बिघडत नाही. कथानकात एका घटनेच्या पोटातून दुसरी निघते, म्हणजे दोन घटनांच्या मधे "म्हणून" किंवा "पण" बसतं. कहाणीला हे लावून बघा. भावाने बोलावलं नाही, पण तिला वाटलं चुकून राहिलं, म्हणून ती गेली, पण भावाने अपमान केला, म्हणून ती परत आली, पण मुलं उपाशी होती, म्हणून परत गेली. एकही कडी सैल नाही. मला वाटतं, तुम्ही प्लॉटबद्दल बाकी काहीही विसरलात आणि फक्त ही एक परीक्षा लावत राहिलात तरी तुमच्या गोष्टी पहिल्यापेक्षा घट्ट होतील.

करायचं असं. तुमच्या गोष्टीतले प्रसंग एकेका ओळीत कागदावर एकाखाली एक लिहा, दोन ओळींच्या मधे जागा सोडा, आणि त्या जागेत म्हणून, पण किंवा आणि मग यातलं जे खरं बसतं ते लिहा, स्वतःशी प्रामाणिक राहून. सलग तीन-चार ठिकाणी "आणि मग" आलं तर गोष्ट तिथे थांबलेली आहे, भाषा कितीही छान असो. एखादं चालतं, सगळीच गोष्ट ताणून धरायची गरज नसते.

पात्राला काय हवंय

"म्हणून" येतं कुठून? पात्राला काहीतरी हवं असतं तिथून. या बाईला काय हवंय? पटकन उत्तर येतं की जेवण हवंय, पैसे हवेत. पण शेवट बघा, पैसे मिळाल्यावर गोष्ट संपत नाही. संपते कधी, तर भाऊ तिला माणूस म्हणून, बहीण म्हणून ओळखतो तेव्हा. म्हणजे वरवर तिला पोरांच्या पोटाला हवंय आणि आत तिला माहेरी मान हवाय, आणि या दोन्ही गोष्टी एकाच पंगतीत, एकाच पानावर आल्यात, हे त्या कहाणीचं मोठं बळ आहे.

लिहिताना हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. माझ्या पात्राला समोर दिसणारी, हातात धरता येईल अशी कुठली वस्तू हवी आहे (नोकरी, घर, सही, तिकीट, काहीही), आणि त्या वस्तूच्या आडून खरं काय हवंय. पहिल्याचं उत्तर नसेल तर गोष्ट हलत नाही, नुसते विचार चालतात. दुसऱ्याचं नसेल तर गोष्ट हलते पण वाचून झाल्यावर मागे काही राहत नाही. नवीन लिहिणाऱ्यांच्या कथांमध्ये नायक फार वेळ खिडकीत उभा असतो, त्याला दुःख असतं, एकटेपणा असतो, आणि हवं मात्र काहीच नसतं. त्याला काहीतरी हवं करा, अगदी साधं, रात्रीची शेवटची एसटी पकडायची आहे एवढंही पुरतं.

अडथळा, आणि तो वाढत कसा न्यायचा

तीन दिवस अपमान होतो हे माझ्या मते सगळ्यात नीट अभ्यासण्यासारखं आहे. लोककथांमध्ये तिनाचा आकडा सारखा येतो हे आपल्याला माहीत असतं, पण इथे तीनही वेळा तेच होत नाही. पहिल्या दिवशी भाऊ तिच्या कपड्यांवरून बोलतो, उद्या येऊ नको म्हणतो, म्हणजे आजच्यापुरतं सहन करतो. दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त जहरी होतं. तिसऱ्या दिवशी शब्द संपतात आणि हात उठतो, तो धरून बाहेर काढतो. आणि तिची बाजूही बदलत जाते, पहिल्या दिवशी ती निरागसपणे गेलीय, तिला खरंच वाटतंय की विसरला असेल, दुसऱ्या दिवशी माहीत असून गेलीय, पोरांसाठी, म्हणजे मान बाजूला ठेवून. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे गमवायला काही शिल्लक नाही.

म्हणजे अडथळा वाढवायचा याचा अर्थ संकटांची संख्या वाढवायची असा नाही. आधी नोकरी गेली, मग अपघात झाला, मग घराला आग लागली, हे वाचून वाचक दमतो. एकच अडथळा घ्या आणि प्रत्येक वेळी पात्राला त्याची किंमत आधीपेक्षा जास्त मोजायला लावा. या वेळी त्याला काय सोडावं लागलं जे मागच्या वेळी सोडावं लागलं नव्हतं? याचं उत्तर प्रत्येक प्रसंगाला मिळालं पाहिजे.

समोरचा माणूसही असा हवा की त्याला त्याचं काही कारण आहे. भाऊ वाईट वागतो, पण तो "लोक हसतात" म्हणतो, तो लोकांना घाबरतोय. त्या एका कारणामुळे तो खराखुरा माणूस होतो, आणि शेवटी तो ओशाळला तर आपल्याला पटतं. नुसताच दुष्ट असता तर पाय धरणं खोटं वाटलं असतं.

मधे देवी येते त्याचं काय

इथे कुणीही विचारेल की मधे देवी प्रसन्न होते, दारिद्र्य जातं, ही तर लॉटरीच झाली, मग कथानक कसलं? प्रश्न बरोबर आहे. ॲरिस्टॉटल या ग्रीक विचारवंताने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की गोष्टीची गाठ गोष्टीतूनच सुटली पाहिजे, ग्रीक नाटकात यंत्राने देवाला वरून उतरवायचे तशी बाहेरून नको. मग ही कहाणी या नियमात नापास होते का? मला नाही वाटत. एक तर व्रत अगदी सुरुवातीला पेरलेलं आहे, भावाच्या जेवणाच्याही आधी, म्हणजे देवी आयत्या वेळी उगवत नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, देवीने दिलेल्या पैशाने मूळ गाठ सुटतच नाही. उलट पैशाने ती जास्त आवळली जाते, कारण आता भाऊ बोलावतोय, पण कुणाला? शेवटचं काम, घास उचलून दागिन्यावर ठेवणं, ते तिने स्वतः केलंय, त्यात देवी कुठेही नाही.

यावरून एक नियम मला पक्का वाटतो. योगायोगाने पात्र अडचणीत सापडलं तर वाचक खुशाल मान्य करतो, योगायोगाने त्याला थोडं साधन मिळालं तरी चालवून घेतो, पण शेवटची गाठ योगायोगाने सुटली की वाचक रागावतो. त्यामुळे शेवटचा निर्णय तुमच्या मुख्य पात्राच्याच हाताने झाला पाहिजे.

क्लायमॅक्स कसा रचलाय बघा

या शेवटच्या जेवणाच्या प्रसंगात जवळजवळ सगळं आधीच्या पंगतीतून आलंय. तोच भाऊ, तेच घर, तेच जेवण. तेव्हा ती न बोलावता पंगतीत बसली, आता भाऊ शेजारी पान मांडतो. तेव्हा अंगावर दागिना नाही म्हणून हाकललं, आता तोच दागिना जेवतोय. म्हणजे क्लायमॅक्ससाठी नवीन सामान आणलेलं नाही, आधी जे दिलं होतं तेच उलटं करून समोर ठेवलंय. तुमच्या गोष्टीचा शेवट सुचत नसेल तर पुढे बघू नका, मागे जा, पहिल्या दोन पानांत तुम्ही काय काय ठेवलंय त्याची यादी करा, शेवट बहुतेक वेळा तिथेच पडलेला असतो.

आणखी एक फार सुंदर गोष्ट आहे या प्रसंगात. शालजोडी काढली, भावाला वाटलं उकडत असेल. दागिने काढले, भावाला वाटलं जड झाले असतील. ही दोन वाक्यं काढून टाकली तरी घटना तीच राहते, पण मजा जाते. कारण या दोन वाक्यांत भाऊ चुकीचा अंदाज करतोय आणि ऐकणाऱ्याला हळूहळू शंका येतेय की हिच्या मनात काहीतरी वेगळं आहे. ताण इथून तयार होतो. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, याची फाळणी कशी करायची हे लेखकाच्या हातात असतं. वाचकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असेल तर धाकधूक वाढते, कमी माहीत असेल तर कुतूहल वाढतं. दोन्ही उपयोगी, फक्त ठरवून करा. सगळे जण ट्विस्टच्या मागे असतात, म्हणजे वाचकापासून लपवायचं आणि शेवटी दाखवायचं, पण लपवण्यापेक्षा दाखवून ताण आणणं पुष्कळदा जास्त टिकतं, दुसऱ्यांदा वाचतानाही टिकतं. ही कहाणी दर श्रावणात ऐकली तरी तो लाडू दागिन्यावर ठेवतानाचा क्षण कंटाळवाणा होत नाही, शेवट तोंडपाठ असून.

आणि ती भाषण देत नाही. रागावून दहा वाक्यं बोलली असती तरी अर्थ तोच झाला असता. ती आधी कृती करते, भाऊ विचारतो, मग दोनच वाक्यं बोलते. क्लायमॅक्समध्ये पात्राला काय करताना दाखवता येईल हे आधी शोधा, बोलणं नंतर.

जुन्या लोकांनी केलेले नकाशे

हे सगळं लोकांनी फार पूर्वीपासून मांडून ठेवलंय आणि नावं माहीत असलेली बरी. भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. म्हणजे इच्छा जागी होते, खटपट सुरू होते, मिळेलसं वाटायला लागतं, मग मिळणार हे नक्की होतं आणि शेवटी फळ हातात येतं. तिथेच बीजाबद्दल सांगितलंय, की सुरुवातीला अगदी थोडं टाकलेलं असतं, पुढे अनेक अंगांनी पसरतं आणि शेवटी फळाला येतं. "बोलावणं चुकून राहिलं असेल" हे मला या कहाणीचं बीज वाटतं, एवढंसं वाक्य, पण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी.

ॲरिस्टॉटलचं आदि, मध्य, अंत सगळ्यांना माहीत असतं. त्याने दोन क्षण वेगळे काढून दाखवले ते जास्त कामाचे आहेत, एक म्हणजे परिस्थिती उलटी फिरते तो आणि दुसरा म्हणजे अज्ञान जाऊन ओळख पटते तो, आणि हे दोन्ही एकदम आले तर उत्तम असं त्याचं म्हणणं. दागिन्यांना भरवताना भावाला कळतं तो क्षण म्हणजे ही ओळखच. नंतर 1863 मध्ये गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने पाच अंकी नाटकाचा पिरॅमिड काढला, तोच आजकाल सगळीकडे प्लॉटची आकृती म्हणून फिरतो. त्याच्या आकृतीत शिखर मधोमध होतं आणि आज आपण ज्याला क्लायमॅक्स म्हणतो तो बहुतेक शेवटाजवळ येतो, त्यामुळे ती आकृती समोर ठेवून आपली गोष्ट मोजायला बसू नका. नकाशे लिहून झाल्यावर बघायला चांगले, कुठे अडलंय ते सापडतं. लिहिताना डोळ्यासमोर पात्र हवं.

जुनी गोष्ट आणि कालिदासाची दुरुस्ती

एक उदाहरण मला इथे द्यायचंच आहे कारण कथानक बांधणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. महाभारतात शकुंतलेची गोष्ट आहे, तिच्यात अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, दुष्यंताला सगळं आठवत असतं तरी तो ओळख नाकारतो, मग आकाशवाणी होते आणि तो स्वीकारतो, म्हणतो की लोकांना शंका राहू नये म्हणून असं केलं. कालिदासाने शाकुंतलात काय केलं, शाप आणला, आणि खूण दाखवली की शाप सुटेल असा उःशाप आणला, आणि खूण म्हणून अंगठी आणली, आणि ती अंगठी पाण्यात पडू दिली.

एवढ्याने काय काय बदललं बघा. शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवलेली आहे म्हणून दारात आलेल्या दुर्वासाकडे तिचं लक्ष जात नाही, म्हणून शाप, म्हणजे संकट तिच्या प्रेमातूनच निघालं. शाप तिच्या सख्यांनी ऐकलाय, आपण ऐकलाय, तिला माहीत नाही, त्यामुळे ती निघताना कण्वाच्या आश्रमातले सगळे डोळे पुसतात तेव्हा आपल्या मनात आणखी एक भीती असते. दरबारात ती अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामं. नंतर कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते, राजाला आठवतं, आणि आता त्याच्यावर पश्चात्तापाची वेळ येते. घटना तीच, राजाने नाकारलं आणि शेवटी स्वीकारलं, पण महाभारतातला दुष्यंत नाकारताना ठरवून खोटं बोलतो आणि इथला दुष्यंत खरंच विसरलाय. मला स्वतःला महाभारतातली शकुंतला जास्त आवडते, दरबारात ती राजाला जे सुनावते ते ऐकण्यासारखं आहे. पण बांधणी शिकायची तर कालिदासाकडे जावं. एक छोटी वस्तू, चार ठिकाणी, आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ वेगळा.

तुमच्या गोष्टीतही अशी एखादी वस्तू असू द्या. ती पहिल्यांदा येते तेव्हा साधी वाटली पाहिजे, वाचकाला दिसली पाहिजे पण खटकली नाही पाहिजे.

आता स्वतःची गोष्ट बांधून बघू

बहीण-भावाचीच घेऊ, आजची. शोभा, वय पंचेचाळीस, पुण्यात हडपसरला राहते, माहेर सांगली जिल्ह्यात. वडील जाऊन वर्ष झालंय, जमिनीला वारस नोंद झालीय, सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि तिचं नाव लागलंय. भावाचा फोन येतो, राखीला ये, आणि येताना आधार कार्ड घेऊन ये.

एवढ्या एका वाक्यात सुरुवात झाली. राखी आणि आधार कार्ड एकत्र आले की वाचकाला कळतं काहीतरी आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला तर लगेच कळतं की हक्कसोडपत्राची, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडून द्यायच्या कागदाची गोष्ट आहे. आधी तीन पानं शोभाचं बालपण, विहीर, आंब्याचं झाड वगैरे लिहायची गरज नाही, ते नंतर लागेल तेव्हा लागेल तेवढंच. सुरुवात अशा दिवसापासून करा की ज्या दिवशी नेहमीचं चाललेलं मोडलं. आटपाट नगर होतं या एका वाक्यात जुन्या बायकांनी सगळी पार्श्वभूमी उरकली, ते उगीच नाही.

आता तिला काय हवंय? दिसणारं: मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पैसे, आणि हिश्श्याची जमीन विकली तर येतील. आतलं: माहेर टिकायला हवं, वडील गेल्यावरही त्या घरात आपली जागा हवी. आणि बघा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, जमीन मागितली तर माहेर जातं. अशी कात्री सापडली की समजा गोष्ट सापडली. हिंदू वारसा कायद्याने मुलींना 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, म्हणजे कायदा तिच्या बाजूने आहे, तरीही ती अडकलीय, आणि म्हणूनच ही गोष्ट लिहिण्यासारखी आहे. नुसती माहिती द्यायची असती तर वकिलाचा सल्ला पुरला असता.

अडथळा कोण? पटकन भाऊ. पण भावाला खलनायक केलं की गोष्ट सोपी होते. भावाने वडिलांच्या दवाखान्याचं सगळं एकट्याने केलंय, सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, असं करा. आणि सगळ्यात कठीण अडथळा भाऊ नकोच, आई करा. आई तिला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणते, सही करून टाक बाई, मला इथेच राहायचंय. आता शोभा काय करेल? मलाही लिहिता लिहिता माहीत नसावं असं वाटतं, इतकी ती जागा खरी आहे.

मग चढ. पहिला टप्पा, राखीचा दिवस, कुणी विषय काढत नाही, भावजय नेहमीपेक्षा जास्त गोड बोलते, तिच्या हातात भारी साडी ठेवते, शोभा साडी घेते. (किंमत: साडी घेतली म्हणजे अर्धं हो म्हटल्यासारखं झालं.) दुसरा टप्पा, रात्री भाऊ कागद काढतो, ती उद्या बघू म्हणते, तो म्हणतो नुसतं उद्या येऊन जायचंय ऑफिसात, वेळ घेतलीय. म्हणजे तिला न विचारता वेळ घेतलेली आहे. इथे ती मुलीच्या फीचं बोलते, पहिल्यांदा, आणि भाऊ गप्प होतो. (किंमत: आता तिने मागितलं, लपवायला काही राहिलं नाही.) तिसरा टप्पा आई. चौथा, असे कागद नोंदवतात त्या दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातली रांग, फोटो, अंगठा, आणि खुर्चीतला माणूस विचारतो, मजकूर वाचलाय ना, कबूल आहे ना?

हा तुमचा क्लायमॅक्स. सगळ्या गोष्टीत तिला कुणीही विचारलेलं नाही की तुला कबूल आहे का, आणि पहिल्यांदा विचारतो तो एक अनोळखी माणूस, रोजच्या कामाचा भाग म्हणून. इथे ती जे करेल ते आधीच्या सगळ्यातून आलं पाहिजे. ती सही करू शकते, नाही म्हणून उठू शकते, किंवा अशी अट घालू शकते जी भावालाही विचार करायला लावेल, उदाहरणार्थ आई आहे तोवर जमीन विकायची नाही असा वेगळा कागद आधी कर. कुठलंही निवडा, फक्त काही गमावल्याशिवाय तिला सुटू देऊ नका. आणि साडी आठवतेय ना? ती परत यायला हवी. ती साडी नेसून ऑफिसात आलीय का, की पिशवीत तशीच घडी घातलेली आहे, हे तुम्ही ठरवलंत की तिचा निर्णय अर्धा सांगून झाला, वाक्य न लिहिता.

प्रसंग कुठे दाखवायचा, कुठे सांगून मोकळं व्हायचं

सगळंच सविस्तर लिहू नका. कहाणीत दिवस पालटायला किती वाक्यं लागतात? एखाद-दुसरं. आणि पाटावर बसून दागिने काढायला? पुष्कळ. जिथे पात्र निर्णय घेतंय, जिथे दोन माणसांमधलं काही बदलतंय, तिथे थांबा, संवाद लिहा, हात कुठे आहेत, ताटात काय आहे ते दाखवा. प्रवास, झोप, चहापाणी, चार महिने निघून जाणं, हे एका ओळीत उरका. शोभाच्या गोष्टीत हडपसर ते सांगलीचा प्रवास मला एका ओळीपेक्षा जास्त नको, पण स्वयंपाकघरातलं आईचं बोलणं दीड पान चालेल.

आणि कुणाच्या नजरेतून सांगताय ते एकदा ठरवलं की धरून ठेवा. छोट्या कथेत मधेच भावाच्या मनात, मधेच आईच्या मनात उड्या मारल्या की वाचकाला कुणाबरोबर बसावं ते कळत नाही. कहाणी भावाच्या मनात दोनदाच डोकावते, उकडत असेल आणि जड झाले असतील, आणि त्याचं कारण आपण वर बघितलं. तुमच्याकडेही असंच ठोस कारण असेल तर जरूर करा. वेगळं म्हणून भावाच्याच नजरेतून ही सगळी गोष्ट लिहून बघा, शोभाच्या मनातलं काहीच न सांगता, कदाचित तीच जास्त चांगली निघेल.

पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत यातलं काही तपासत बसू नका, नाहीतर दुसऱ्या पानापुढे जाणारच नाही. खर्डा झाला की चार-पाच दिवस बाजूला ठेवा, मग कुणाला तरी तोंडी सांगून बघा, कागद न बघता, गोष्ट पाठ न करता. सांगताना तुम्ही जो भाग आपोआप गाळाल तो बहुतेक कथेतूनही काढता येतो. ऐकणारा "मग?" म्हणून पुढे सरकेल ती जागा कागदावर खूण करून ठेवा, आणि जिथे तो "पण ती असं का करेल?" असं विचारेल तिथे परत जाऊन ते "म्हणून" नीट लिहा.